देणाऱ्याच्या हातचा तुरा

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या १९९६ सालच्या कादंबरीत एक प्रधान राजाची आज्ञा मोडतो. परमुलखात राहणाऱ्या एका गरोदर मुलीवर मारेकरी घालायचा राजाचा हुकूम त्याला मान्य नसतो. भर बैठकीत तो आपल्या झग्याचा, हाताच्या पंजाच्या आकाराचा चांदीचा ब्रोच काढतो आणि राजासमोर ठेवतो. राजीनाम्याचा कागद लागत नाही, भाषणही लागत नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पिपिन नावाच्या छोट्या वीराला शत्रू पळवून नेतात. वनराणीने निरोपाच्या वेळी दिलेला पानाच्या आकाराचा ब्रोच तो झग्यावरून उपसून वाटेवर टाकतो. मागावर निघालेल्या सोबत्यांना तो सापडतो आणि आपला माणूस जिवंत आहे हे त्यांना कळते. अद्भुताच्या या जगात मुकुट असतात, सिंहासने असतात, जादूच्या तलवारी असतात. तरी ऐन मोक्याला कथा अशा एखाद्या बोटभर दागिन्यावर येऊन ठेपते. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण एकच. हा दागिना निघतो. तो कुणीतरी दिलेला असतो, म्हणून परत करता येतो, हिसकावता येतो, हरवतो, दुसऱ्याच्या हाती सापडला तर ओळखता येतो. त्याचा अर्थ धातूत नसतो, देणारा आणि घेणारा यांच्यातल्या नात्यात असतो. हे पटवून घ्यायला इंग्रजी कादंबऱ्यांपर्यंतही जायला नको. सातारा आणि सांगली या दोन गावांच्या इतिहासात याचा भक्कम पुरावा आहे.

आधी एक अडचण दूर केली पाहिजे. आपल्याकडे ब्रोच होता कुठे, असे कुणीही विचारील. युरोपातला झगा खांद्यावरून सुटा सोडलेला असतो, गळ्यापाशी तो अडकवावाच लागतो. रोमन काळाच्याही आधीपासून तिथे ब्रोच आहे तो या गरजेपोटी. आपले कापड गाठीवर आणि खोचण्यावर चालते. लुगड्याचा काष्टा खोचायचा, धोतराच्या निऱ्या खोचायच्या, बाराबंदीचे बंद बांधायचे, उपरणे नुसते खांद्यावर टाकायचे. छातीवर पिन लावायला जागाच उरत नाही. म्हणून आपल्याकडे मानाचा दागिना डोक्यावर चढला. पागोटे हे लांबच लांब कापड, त्याला घड्या असतात आणि घडीत काहीही खोचता येते. शिरपेच जवळून पाहावा. सोन्याची लहान लहान घरे कड्यांनी एकमेकांत अशी गुंतवलेली असतात की तो कपाळाच्या गोलाईवर बरोबर वळतो. दर्शनी बाजूला कुंदनात बसवलेले हिरे, माणके, पाचू. दोन्ही टोकांच्या कड्यांत रेशमी दोरा ओवून तो पागोट्याच्या मागे बांधतात. कलगीला मागून दांडी किंवा नळी असते, ती घडीत खुपसायची. तुरा म्हणजे मोत्यांच्या सरांचा झुबका, तो एका अंगाला लोंबतो. चांगल्या शिरपेचाच्या पाठीवर पुष्कळदा पुढच्याइतकीच देखणी मीनाकारी असते, लाल-हिरवी वेलबुट्टी. दागिना बांधला की ही बाजू कापडाला टेकते आणि दरबारातल्या कुणालाच दिसत नाही. ती दिसते सोनाराला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, तीही तो हातातून हातात जातानाच. कारागिराने एवढी मेहनत न दिसणाऱ्या बाजूवर घेतली, कारण हातातून हातात जाण्याचा तो क्षण महत्त्वाचा आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता साताऱ्याकडे वळू. पेशवे बाळाजी विश्वनाथ २ एप्रिल १७२० रोजी वारले आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला कराडजवळच्या मसूर मुक्कामी शाहू महाराजांनी त्यांच्या विशीही न गाठलेल्या मुलाला, बाजीरावाला, पेशवाईची वस्त्रे दिली. वस्त्रे म्हणजे नुसते कापड नव्हे. शिक्का आणि कट्यार ही अधिकाराची खूण, आणि मोठ्या पदाच्या वस्त्रांबरोबर शिरपेच, तुरा, कंठी, चौकडा असे जवाहीर देण्याची रीत. शाहू महाराज समर्थ होते, तेव्हा त्यांनी द्यावे आणि बाजीरावाने घ्यावे यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या करारानंतर राज्याचा सगळा कारभार पुण्याला, पेशव्यांकडे गेला आणि ताराबाईंनी नवे छत्रपती रामराजे यांना साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकले. छत्रपतींच्या हाती ना फौज उरली, ना खजिना. एवढे होऊनही १७६१ साली माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली ती साताऱ्याहूनच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर पुणे त्यांचे काका राघोबादादा यांच्या मुठीत होते. वाड्यात रक्त सांडून जो सत्तेवर आला त्याला रीतिभातीची पर्वा कशाला असेल, असे वाटावे. पण त्यांनाही साताऱ्याहून वस्त्रे आणवावी लागली. आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला, तेव्हा राघोबांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, पहिली धडपड केली ती याच गोष्टीसाठी. २८ मे रोजी, चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावे वस्त्रे झाली. ज्याला मानसुद्धा धरता येत नाही त्याच्या डोक्यावर पागोटे कसले टिकणार! पण ते कोणाकडून आले, एवढेच पाहायचे होते.

यावर इतिहासाचा जाणकार म्हणेल की हा सगळा देखावा होता. खरी सत्ता तलवारीची आणि सावकाराच्या थैलीची. वस्त्रे हा निव्वळ उपचार, त्यातला शिरपेच तर आणखीच वरवरचा. या आक्षेपात तथ्य आहे. रामराजांनी नकार दिला असता तर पुण्याच्या फौजा थांबल्या असत्या, असे कुणी म्हणू शकत नाही. पण उपचार पोकळ असेल तर तो टाकून देणे सर्वांत सोपे असते, आणि इथे तर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन्ही पक्ष एकाच दारात उभे आहेत. सरदारांना, सावकारांना, गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांना पेशवा कोण हे कळण्यासाठी सगळ्यांना एकसारखी वाचता येईल अशी खूण हवी होती, आणि ती खूण स्वतःची स्वतःला लावून घेता येत नव्हती. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी दहा शिरपेच घडवले असते तरी त्यातला एकही पेशवाईचा झाला नसता. शेवटच्या पेशव्याला, दुसऱ्या बाजीरावाला, हे बरोबर कळले होते. इंग्रजांपुढे पळताना त्याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या कुटुंबाला सोबत नेले. पळत्या सैन्याला हे केवढे ओझे! पण देणाराच हातचा गेला तर आपले घेणे बुडते, हे तो जाणून होता. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनीही तोच हिशेब ओळखून २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना साताऱ्याचे राज्य दिले. देणारा आता कंपनी होती. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीने त्यांना पदच्युत केले आणि १८४९ मध्ये राज्यच खालसा केले. जे दिले जाते ते काढूनही घेतले जाते, ही या व्यवहाराची दुसरी बाजू साताऱ्याने फार कडवटपणे अनुभवली.

बाहेरच्या जगातही हाच नियम दिसतो. मोगल दरबारात पागोट्यावरचे जवाहीर बादशहाच्या मेहेरबानीनेच मिरवायचे असे. १७९८ मध्ये नाईलच्या लढाईत फ्रेंच आरमार बुडवणाऱ्या नेल्सनला तुर्की सुलतान तिसरा सलीम याने हिऱ्यांची कलगी पाठवली आणि या इंग्रज दर्यासारंगाने ती आपल्या टोपीवर लावली. १९५१ साली ग्रीनिचच्या संग्रहालयातून ती चोरीला गेली. चोराच्या हातात हिरे आले असतील. सुलतानाची मर्जी आणि आरमाराचा विजय त्याच्या हाती लागला नाही.

तर मग राज्यच नसेल तिथे काय? जिथे देणारा राजाही खोटा आणि घेणारा प्रधानही खोटा, तिथे हा दागिना काम करील का? याचे उत्तर सांगलीत आहे. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला होता आणि तसे काही मराठीत व्हावे ही आप्पासाहेबांची इच्छा होती. भाव्यांच्या नाटकात गायचे ते सूत्रधाराने. पात्रांचे बोलणे बरेचसे ऐनवेळचे. गणपती यायचा, मोरावरची सरस्वती यायची, राक्षस आरोळ्या ठोकत आले की ‘अललडुर्र’चा गजर उठायचा. लिहिलेले संवाद जवळजवळ नाहीत, स्त्रीपात्रेही पुरुषांनीच करायची, उजेड दिवट्यांचा. अशा खेळात समोर आला तो देव की दानव, राजा की सेवक हे प्रेक्षकाला पहिल्या नजरेत कळायला हवे, आणि ते कळायचे वेषावरून, डोक्यावरच्या आणि गळ्यातल्या खुणांवरून. रंगभूमीवरचा दागिना लाकूड, बेगड आणि काचमण्यांचा असतो हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरी जनक त्या बेगडाच्या दागिन्याने रामाचा सत्कार करतो तेव्हा प्रेक्षक हात जोडतो. दागिन्याचे मोल सोन्यावर ठरत असते तर हे घडलेच नसते. ‘दागिना म्हणजे शेवटी श्रीमंतीचे प्रदर्शन’ हा जो दुसरा नेहमीचा आक्षेप, त्याला माझ्या मते सांगलीच्या रंगभूमीने तेव्हाच उत्तर दिले आहे.

भाव्यांनी रामायण निवडले, आणि सुट्या दागिन्यांची अशी कथा जगात दुसरी शोधून सापडणे कठीण. रावण सीतेला आकाशमार्गे नेत असताना ती डोंगरावर बसलेली वानरे पाहते आणि उत्तरीयात बांधून आपले अलंकार खाली टाकते. सुग्रीव पुढे तेच रामाला दाखवतो. पिपिनच्या त्या पानाचे हे कितीतरी थोर पूर्वज! मग हनुमान रामाची अंगठी घेऊन अशोकवनात जातो, कारण नुसत्या शब्दावर सीतेने एका अनोळखी वानरावर विश्वास का ठेवावा? परतताना ती त्याला आपला चूडामणी देते. वाल्मीकीच्या सुंदरकांडात तो मणी हाती आल्यावर राम काय बोलतो ते पाहण्यासारखे आहे. लग्नात तो सीतेला जनकाने दिला होता, आणि जनकाला यज्ञात प्रसन्न झालेल्या इंद्राने. म्हणजे इंद्र, जनक, सीता, हनुमान आणि राम अशा पाच हातांतून तो फिरला आहे, आणि रामाला रडू येते ते त्या हातांच्या आठवणीने. मण्याच्या तेजाचा त्यात थोडाच वाटा आहे. शकुंतलेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाहीच. दुष्यंताला आकाशवाणी सांगते आणि तो मान्य करतो. अंगठी आणली ती कालिदासाने. आकाशवाणीने राजाची खात्री पटते, पण प्रेक्षकाच्या काळजात काही हलत नाही. दिलेली, विसरलेली, पाण्यात पडलेली आणि माशाच्या पोटातून परत आलेली वस्तू हवी, हे त्या महाकवीने ओळखले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत रंगभूमी उभी केली तीही याच ‘शाकुंतला’वर.

आपल्याकडच्या लोककवींनी मात्र दोन दागिन्यांवर आख्खे विश्व उभे केले, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोठी कल्पनाभरारी. कलगी-तुऱ्याची आख्यायिका अशी: तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर, दोघे कवी. चंदेरीच्या राजाच्या दरबारात त्यांचा सवाल-जवाब रंगला. राजाने खूश होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली. तिथून दोन पंथ निघाले. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला थोर मानतात. कलगीवाले शक्तीला, मायेला. राजस्थान-माळव्यापासून महाराष्ट्रापर्यंत शाहिरांचे फड या दोन बाजूंना वाटले गेले, डफाला तुरा किंवा कलगी लावून रात्र रात्र झगडे झाले. ब्रह्म आधी की माया आधी, हा वेदान्तातला प्रश्न शेतात राबून आलेल्या माणसापुढे दोन दागिन्यांच्या रूपाने उभा राहिला आणि त्याला तो समजला. सवाल-जवाबाची भेदिक लावणी ही या झगड्याची देणगी. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षला १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, गण-गौळणीबरोबर भेदिकही रचत ते याच परंपरेच्या बळावर. कुणी म्हणेल, हे तर नुसते पक्षांचे बिल्ले झाले. पण बिल्ल्याने एवढे काव्य होत नाही. आख्यायिकेतले शहाणपण असे की दोन्ही दागिने एकाच राजाने दिले, आणि तुरा काय, कलगी काय, खोचली जाते एकाच पागोट्यात. म्हणूनच झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालला, एका बाजूने दुसरीला कायमचे गप्प केले नाही, आणि एका गोसाव्याचा वारसा एका फकिराच्या वारशाशी गाण्यातच भांडत राहिला.

एक आक्षेप असा आहे की तो टाळता येणार नाही. काही खुणा निघत नाहीत, आणि माणसाचे नशीब ठरते ते त्यांनीच. कर्णाची कवचकुंडले जन्माबरोबर आली होती, अश्वत्थाम्याचा मणी कपाळातच होता. मग माझा सिद्धान्त इथे कोसळतो का? महाभारत नीट पाहिले तर उलट दिसते. कर्ण वर्षानुवर्षे कवचकुंडले घालून वावरतो. आपण त्याला आठवतो ते इंद्राला ती कापून देतानाचा. अश्वत्थाम्याचा मणी पांडव हस्तगत करतात, भीम तो द्रौपदीला देतो, आणि पाच मुले गमावलेली ती आई तो युधिष्ठिराला मस्तकी धारण करायला सांगते. अंगाला चिकटलेली खूणही सुटते आणि हातातून हातात जाते तेव्हाच कथेत बोलू लागते. पण कथेबाहेरच्या समाजात एक खूण अशी होती की ती कुणी दिली नव्हती आणि परतही करता येत नव्हती. ती जात. ज्यांचे मूळ गाव साताऱ्याजवळचे कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि सत्यशोधक समाज काढला तो तिच्याविरुद्ध. शिरपेच मिळवता येतो आणि गमावताही येतो. जातीत मिळवण्यासारखे काही नसते आणि सोडण्याची मुभाही नसते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या लोकनाट्यात गणपतीच्या गणाच्या जागी मायभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन आणले, तेव्हा त्यांनीही मान कुणाला द्यायचा हे बदलले. मान देण्याची ती जागा मात्र तशीच ठेवली. दरबारी दागिन्यांचे गोडवे गाणाऱ्याने हे विसरू नये की ज्यांच्या डोक्यावर पागोटेच चढू दिले गेले नाही अशी माणसे त्याच दरबाराबाहेर उभी होती.

राजेरजवाडे गेल्यानंतरही एक निघणारा दागिना मराठी घरात टिकून आहे, आणि तो गरीब-श्रीमंत दोघांच्या कपाळी लागतो. मुंडावळ्या. मोत्यांच्या किंवा फुलांच्या दोन सरी कपाळावर आडव्या बांधायच्या, दोन कानांवरून खाली सोडायच्या. त्या बांधल्या की शेतमजुराचा मुलगा नवरदेव होतो, थोरामोठ्यांनी त्याला मान द्यायचा, त्याने घोड्यावर बसायचे. कार्य उरकले की मुंडावळ्या सुटतात आणि तो पुन्हा कामाला लागतो. अद्भुत कथा याहून निराळे काय करते? ती ठरावीक वेळापुरते एक राज्य उभे करते आणि त्याचा प्रवेश एका लहानशा खुणेवर सोपवते.

म्हणून आज मराठीत जे तरुण अद्भुत कादंबऱ्या लिहू पाहतात, ऐतिहासिक मालिकांचे आणि चित्रपटांचे वेष रचतात, त्यांच्याकडे माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. पडद्यावर हल्ली ज्याच्या त्याच्या पागोट्यावर शिरपेच असतो, हुजऱ्यापासून सेनापतीपर्यंत. कादंबऱ्यांत लांडग्याच्या आणि गरुडाच्या तोंडाच्या चांदीच्या पिनांची पानभर वर्णने येतात, त्यांतले खडे मोजून सांगितले जातात. पण तो दागिना कुणी दिला, कोणत्या अटीवर दिला, तो काढून ठेवला तर काय होईल, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. वर्णन कितीही रेखीव असो, देणारा नसेल तर ती वस्तू कथेत काही करू शकत नाही. परक्या हिमप्रदेशातले लांडगे उसने आणण्यापेक्षा नामधारी राजाकडून आलेले तान्ह्या बाळाचे पागोटे, एका राजाच्या हातून निघून दोन पंथ झालेले तुरा आणि कलगी, पाच हातांतून फिरलेला चूडामणी, असे कितीतरी कथाबीज मसूर, पुरंदर, सांगली आणि रेठऱ्याच्या मातीत पडलेले आहे, आणि ते पेरणारा कादंबरीकार मराठीला अजून हवा आहे.